गुन्हा जुना, लपवणं यंदाचं

उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी वडगाव मावळला जी जत्रा भरते, तिच्यात ढोल असतो, हलगी असते, उघड्या जीपवरून हात जोडणारा उमेदवार असतो आणि त्याच्यामागून वकिलाचा कारकून एक फाइल काखेत मारून चाललेला असतो. सगळ्यांचं लक्ष जीपकडं. वाचण्यासारखी गोष्ट मात्र फाइलीत असते. तिच्यात उमेदवाराचं शपथपत्र असतं: पानापानावर सही, नोटरीचा गोल शिक्का आणि एकाखाली एक रकाने. बायकोच्या नावावरचं सोनं, वडिलोपार्जित जमिनीचे गट नंबर, सोसायटीचं कर्ज हे सगळं पुढं येतं. त्याच्या आधी येतात प्रलंबित फौजदारी खटले. पोलीस ठाणं कोणतं, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कोणती, न्यायालयानं आरोप निश्चित केले आहेत का. बऱ्याच शपथपत्रांत या सगळ्या प्रश्नांसमोर एकच शब्द टाइप केलेला असतो: निरंक.

हे प्रकरण त्या ‘निरंक’बद्दल आहे. तो खरा असेल तर प्रश्नच मिटला. तो खोटा असेल, आणि झाकलेली भानगड वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची असेल, तर मतदारानं ती मनावर घ्यावी का? पारावर याचं उत्तर तयार असतं. जुनी मढी उकरून काय मिळणार, माणूस कामं करतोय ना, आणि धुतल्या तांदळासारखा आहे तरी कोण! या उत्तराला नुसतं हसून चालत नाही. त्यात तथ्य आहे, आणि मावळात तर जरा जास्तच आहे.

९ ऑगस्ट २०११ ची गोष्ट घ्या. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन जण गेले, एक बाई आणि दोन पुरुष. आंदोलकांवर गुन्हे दाखल झाले. आता समजा, त्या दिवशी रस्त्यावर असलेला एखादा जण पुढं पंचायत समितीला उभा राहिला. खटला चालू असेल तर त्याच्या रकान्यात काय येणार? बेकायदा जमाव, दंगल, सरकारी कामात अडथळा. पुण्यात बसून हा कागद वाचणाऱ्याला तो गुंड वाटेल. गावाला तो पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस वाटतो, आणि कित्येकांनी त्याच कारणासाठी त्याला मत दिलेलं असतं. हे या भागात नवं नाही. शेजारच्या मुळशीत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. त्यांच्यावर आजचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, भरायची वेळ आली असती तर गुन्ह्यांच्या रकान्याला पुरवणी जोडावी लागली असती.

म्हणून आकडे वाचताना सावध राहावं लागतं. २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं स्वतः जाहीर केलं होतं, असं असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सनं शपथपत्रं चाळून मोजलं. आकडा खरा आहे, पण त्या २५१ मध्ये रास्ता रोको केलेलाही आहे आणि खुनाचा आरोप असलेलाही. फरक कळायला कलमं वाचावी लागतात, आणि ती शिकायला फार वेळ लागत नाही. भारतीय दंड संहितेचं १४३ आणि १४७ म्हणजे बेकायदा जमाव आणि दंगल, ३५३ म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखायला बळ वापरणं, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५ म्हणजे जमावबंदी मोडणं. ही कलमं एकत्र दिसली तर बहुधा मोर्चा असतो. ४२० म्हणजे फसवणूक. ४६७, ४६८, ४७१ म्हणजे खोटे दस्त करणं आणि ते खरे म्हणून वापरणं. मावळासारख्या जमिनीच्या सौद्यांवर चालणाऱ्या तालुक्यात हा दुसरा गट दिसला की थांबून वाचावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि नंबर बदलले. फसवणूक आता ३१८(४) मध्ये आहे. ४२० ला जी बदनामी मिळाली ती या नव्या नंबराला मिळायला पन्नास वर्षं लागतील, आणि तोपर्यंत काही जणांचं फावेल.

इथपर्यंत पारावरचं उत्तर टिकतं. जुना गुन्हा कोणता, कशापायी घडला, त्यानंतर माणूस कसा वागला, हे तोलून मतदारानं क्षमा करायची म्हटलं तर तो त्याचा अधिकार आहे. घाटाखालच्या कुलाब्यातल्या मतदारांनी तो वापरलाही. बॅरिस्टर अंतुले यांना सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयानं ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. सगळं वर्तमानपत्रांत आलेलं, गावोगावी चर्चा झालेली. तरी १९८९, १९९१ आणि १९९६ ला कुलाब्यानं त्यांना लोकसभेत पाठवलं. हा निर्णय कुणाला पटेल, कुणाला नाही. पण तो माहिती असताना केलेला निर्णय होता. मतदाराच्या हातात तराजू होता आणि दोन्ही पारड्यांत काय आहे ते त्याला दिसत होतं.

लपवणारा नेमकं एक पारडं झाकतो.

आणि इथं पारावरच्या उत्तराची गल्लत होते. ‘जुनं उकरू नका’ असं म्हणताना आपण गुन्हा आणि लपवणं एकाच गाठोड्यात बांधतो. गुन्हा १९९८ चा असेल. त्यावर ‘निरंक’ लिहून सही केली ती यंदा, या निवडणुकीत, नोटरीसमोर, आपल्याला मत देणाऱ्या माणसाला हे कळू नये म्हणून. ती भूतकाळातली गोष्टच नाही. उमेदवार सत्तेवर येण्याआधी मतदाराशी जो पहिला व्यवहार करतो, तोच त्यानं खोट्यानं केलेला असतो. वीस वर्षांत माणूस बदलतो हे मला मान्य आहे. पण बदललेल्या माणसाचा पुरावा म्हणून हे शपथपत्र पुढं करता येत नाही.

हे शपथपत्र आपल्याकडं आलं तेही सहजासहजी नाही. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरवला. संसदेनं कायदा करून तो निकाल बोथट करायचा प्रयत्न केला, त्यात सगळे पक्ष एका सुरात होते. मार्च २००३ मध्ये न्यायालयानं त्या कायद्यातलं आडकाठीचं कलम रद्द केलं. २०१८ पासून तर प्रलंबित खटले जाड अक्षरांत लिहावे लागतात आणि प्रचाराच्या काळात तीनदा वर्तमानपत्रांत व वाहिन्यांवर जाहीर करावे लागतात.

एवढं सगळं झालं, पण मध्ये एक गंमत राहून गेली. २०१३ च्या एका निकालानुसार उमेदवारानं रकाना कोरा सोडला आणि सांगूनही भरला नाही, तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज बाद करू शकतो. तोच रकाना त्यानं खोटा भरला तर मात्र अर्ज त्या कारणानं बाद होत नाही! खरं-खोटं तपासणं त्या अधिकाऱ्याचं काम नाही. ज्याला शंका आहे त्यानं न्यायालयात जावं, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. थोडक्यात, गप्प बसणाऱ्याला कायदा दारातच अडवतो आणि खोटं बोलणाऱ्याला आत घेऊन मग वर्षानुवर्षं विचारत बसतो.

किती वर्षं, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देवेंद्र फडणवीस यांचं आहे. त्यांच्या २०१४ च्या शपथपत्रात १९९६ आणि १९९८ सालच्या, न्यायालयानं दखल घेतलेल्या दोन प्रकरणांचा उल्लेख नव्हता, अशी तक्रार नागपुरात झाली. आरोप निश्चित झालेलेच नव्हते, मग ते लिहायची गरज होती का, हा वादाचा मुद्दा होता. उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला. १ ऑक्टोबर २०१९ ला, म्हणजे पुढच्या विधानसभेच्या मतदानाला तीन आठवडे उरले असताना, सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. दखल घेतलेली प्रकरणंही सांगणं बंधनकारक आहे असं सांगून खटला चालवायला वाट मोकळी केली. मतदारांनी तरीही त्यांना निवडून दिलं. चूक वकिलाकडून अनवधानानं झाली, लपवायचा हेतू नव्हता, असा त्यांचा बचाव होता. ८ सप्टेंबर २०२३ ला नागपूरच्या न्यायालयानं त्यांची निर्दोष मुक्तता केली. निकाल लागला तेव्हा ज्या निवडणुकीचं ते शपथपत्र होतं तिला नऊ वर्षं होत आली होती आणि तिच्यानंतरची विधानसभाही मुदत संपण्याच्या वाटेवर होती. या प्रकरणातून दोन गोष्टी घ्याव्यात. उल्लेख नसणं आणि मुद्दाम लपवणं यांत अंतर आहे, ते न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आरोप झाला म्हणून उमेदवाराला लबाड म्हणून मोकळं होता येत नाही. आणि मतदारानं न्यायालयाची वाट बघत बसायचं ठरवलं तर त्याचं मत आधीच देऊन झालेलं असतं.

परदेशातलं एक उदाहरण इथं फार बोलकं आहे. कुर्ट वाल्डहाइम १९७२ ते १९८१ संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते. १९८६ मध्ये ते ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले. आपण १९४१ मध्ये रशियन आघाडीवर जखमी झालो आणि मग घरी येऊन कायदा शिकलो, अशी त्यांची कहाणी होती. प्रचार ऐन रंगात असताना बाहेर आलं की नंतरची वर्षं त्यांनी बाल्कनमध्ये जर्मन सैन्यात काढली होती, आणि नेमकं तेच त्यांनी गाळलं होतं. जगभर गहजब झाला. मतदार उलट चिडले, बाहेरच्यांनी आम्हाला काय शिकवायचं, आणि वाल्डहाइम सुमारे ५४ टक्के मतं मिळवून जिंकले. दोन वर्षांनी इतिहासकारांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं निष्कर्ष काढला: त्यांनी स्वतः युद्धगुन्हे केल्याचा पुरावा नाही, पण आजूबाजूला काय चाललं होतं ते त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते झाकलं. एव्हाना अमेरिकेनं त्यांना प्रवेशबंदीच्या यादीत टाकलं होतं. देशाचा अध्यक्ष, आणि परदेशांतून बोलावणं जवळपास कुठलंच नाही. दुसऱ्यांदा ते उभेच राहिले नाहीत. जुन्या काळात त्यांनी जे केलं त्यापेक्षा ते झाकल्याची किंमत मोठी निघाली, आणि ती त्यांच्या एकट्याच्या खिशातून गेली नाही.

आता हेच मावळातल्या एखाद्या वाडीत आणून बघू. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत झाकायच्या गोष्टी निराळ्या असतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं अपत्य. गायरानावर बांधलेला गोठा किंवा घर. थकलेली घरपट्टी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये हे सगळं अपात्रतेत बसतं. अतिक्रमण आपण केलं नाही, सासरच्यांनी केलं, आपण नुसतं तिथं राहतो, ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बुजवली. गावात यातलं काही लपून राहतं का? अजिबात नाही. बारसं सगळ्यांनी जेवलेलं असतं. गोठा येता-जाता दिसतो. अर्ज भरताना मात्र सगळे डोळे मिटून घेतात, कारण त्या वेळी सगळ्यांचं त्या उमेदवाराशी जमलेलं असतं.

मग दोन-तीन वर्षांनी बिनसतं. एखाद्या कामाच्या बिलावरून, नाहीतर कुणाच्या प्लॉटिंगला नाहरकत द्यायची यावरून. आणि मग कुणीतरी कपाटातून जन्माचा दाखला काढतो, कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज टाकतो. तो दाखला इतके दिवस कुठं होता? कपाटातच होता. मला लपवलेल्या दोषातला सगळ्यात मोठा धोका हा वाटतो. मतदाराला माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्या कुणाला तरी माहीत असतेच, आणि ज्याला माहीत असते त्याच्या हातात त्या सदस्याची दोरी असते. तुम्ही निवडून दिलेला माणूस ठरावावर हात वर करतो तेव्हा तो हात तुमच्यासाठी वर झाला की दाखल्यासाठी, हे तुम्हाला कळायची सोय नाही. उघड्या दोषाला ओलीस ठेवता येत नाही.

पण मग कायदा सगळे दोष एकाच मापानं मोजतो, तसं मतदारानंही मोजावं का? मला तसं वाटत नाही. तिसरं मूल झालेल्या बाईला सरपंचपदावरून उतरवणं मला आजही खटकतं. बऱ्याचदा ते मूल हवं की नको हा निर्णय तिचा एकटीचा नसतोच. गायरानाचं तसं नाही. गायरानावर बसलेला माणूस सरपंच झाला तर उद्या गायरान राखायचं काम त्याच्याकडंच येतं. लोणावळ्यातही हेच माप लागतं. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात कलम ४४ खाली स्वतः, जोडीदारानं किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्यानं बेकायदा बांधकाम केलं असेल तर नगरसेवकपद जातं. डोंगर उतरणीवर बंगले उठणाऱ्या या गावात ते कलम उगीच नाही. पावसाळ्यात ओढे कुठं अडले, कुणाच्या भिंतीनं अडले, हे ज्या सभागृहात ठरायचं तिथं त्या भिंतीचा मालक बसू नये. जुना दोष आणि मागितलेलं पद यांची कुलूपकिल्ली जुळते का, एवढं बघावं. जुळत असेल तर वीस वर्षं उलटली म्हणून सूट देऊ नये. जुळत नसेल तर दोषाला सूट, लपवण्याला मात्र नाही.

उमेदवाराचं सगळंच आयुष्य उघड्यावर यावं असाही याचा अर्थ नाही. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलमधल्या एका आमदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मतदाराचा जाणून घ्यायचा हक्क निरपवाद नाही. उमेदवारी आणि पद यांच्याशी ज्याचा संबंध नाही ते उमेदवार स्वतःपाशी ठेवू शकतो, आणि घरातली प्रत्येक जंगम चीज सांगायची गरज नाही. घटस्फोट, आजार, घरातली भांडणं यांची पत्रकं मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून सरकवणाऱ्यांनी हा निकाल वाचायला हवा. ते वाचणार नाहीत.

माहिती मिळाली की मतदार शहाणा होतो, असं मानणाऱ्यांचाही भ्रम जरा उतरवायला हवा. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांत एकाच पद्धतीनं केलेल्या प्रयोगांचे एकत्रित निष्कर्ष २०१९ मध्ये आले. निवडणुकीच्या तोंडावर मतदारांना प्रतिनिधींच्या कारभाराची निःपक्ष माहिती दिली, आणि मतांवर एकंदरीत परिणाम दिसला नाही. मिलन वैष्णव यांनी भारतातल्या गुन्हेगार उमेदवारांवर २०१७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की पुष्कळ मतदार अजाणतेपणी नव्हे, जाणूनबुजून दांडगा माणूस निवडतात, कारण सरकारी कचेरीत साध्या माणसाचं काम होत नाही आणि दांडग्याच्या फोनवर होतं. मावळात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावरची नोंद महिनोन्‌महिने अडलेल्या माणसाला चारित्र्याचा उपदेश करणं सोपं असतं.

तरीही माझा भर शपथपत्रावरच आहे, आणि त्याचं कारण या तालुक्याच्या बदललेल्या वस्तीत आहे. वाडीतल्या म्हाताऱ्याला नमुना २६ ची गरज नव्हती. उमेदवाराच्या आजोबांनी कुणाचा बांध कोरला हेही त्याला तोंडपाठ. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या नव्या सोसायट्यांत राहायला आलेल्या माणसाचं तसं नाही. तो नोकरीसाठी आला, मतदार यादीत नाव घातलं, आणि उमेदवाराची त्याची ओळख चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरती. जुन्या गावाला जे उघड आहे ते त्याच्यापासून आपोआप झाकलेलं राहतं. अशा मतदारांची संख्या दर निवडणुकीला वाढते आहे. त्यांच्यासाठी पाराची जागा त्या कंटाळवाण्या कागदानंच घ्यायची आहे.

तो कागद मिळवणं अवघड राहिलेलं नाही. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. स्थानिक निवडणुकांत शपथपत्राचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लावायची पद्धत राज्य निवडणूक आयोगानं पाडली आहे. रांगेत उभं असताना तो वाचायला पुरेसा वेळ मिळतो. ‘निरंक’ खरा आहे का हे स्वतः बघायचं असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुणे जिल्हा, मग वडगाव मावळचं न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावानं शोध घेता येतो. वर्ष एकेक करून टाकावं लागतं, आणि प्रलंबित व निकाली अशा दोन्ही याद्या बघाव्या लागतात. निकाली यादीत नाव सापडलं तर आधी निकाल काय लागला तो वाचा. सुटलेल्या माणसाला आरोपी म्हणत फिरू नका. आणि नाव जुळलं म्हणून लगेच गावच्या ग्रुपवर टाकू नका. मावळात एकाच आडनावाची अख्खी गावं आहेत आणि त्यांत एकाच नावाचे चार-चार जण निघतात. वडिलांचं नाव, वय आणि गाव पडताळून घ्या, नाहीतर भलत्याच माणसाच्या गळ्यात ४२० अडकवाल.